चढता धवळा

लोक म्हणायचे, दिनानाथ केळुसकरला कान आहे. मी कधी नाही म्हटलं नाही. गिरगावातल्या एका स्टुडिओत पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वायरी गुंडाळल्यावर मी नेरूळला सिडकोच्या फ्लॅटात राहायला आलो आणि शिरवण्याच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर स्वतःचा स्टुडिओ टाकला. आठ ट्रॅकचं टेपमशीन, चार बरे माइक, भिंतींना काथ्याच्या गाद्या आणि दारावर पाटी, 'नादमाधुरी'. खाली रबरी वॉशरचा कारखाना होता. त्याचं प्रेस दर दहा-बारा सेकंदांनी धप्पकन आदळायचं. आरत्या, कोळीगीतं, ढोलाची गाणी असली की त्या धपक्याचं काही वाटायचं नाही. नाजूक काम मात्र मी शुक्रवारी ठेवायचो, कारण आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असायची.

गाळ्याचे मालक पंढरीशेठ. शिरवण्याचेच आगरी. वडिलोपार्जित भातखाचरं सरकारने घेतल्यावर त्यांनी जे मिळालं त्यातून गाळे बांधले, गाळ्यांना लागून असलेलं घर तीन मजली केलं, आणि पुढच्या अंगणात टाइल्स बसवल्या. मागचं अंगण तेवढं आईसाठी मातीचं ठेवलं. ही आई म्हणजे बयाबाई. वय पासष्टच्या पुढे, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि गळ्याला उजवीकडे लिंबाएवढी गाठ.

बयाबाई धवळारीण होत्या. आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण हळदीपासून मांडव उतरेपर्यंतचा खरा कारभार धवळारणीच्या गळ्यावर चालतो. ती धवळे गाते, देवांना एकेकाला नावाने बोलावून मांडवात आणून बसवते, आणि मागे बसलेल्या बाया तिची ओळ उचलतात. मी तीन वर्षं त्या गाळ्यात होतो, पण बयाबाईंना एकदाही गाताना ऐकलं नव्हतं. ऐकावं असंही कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या जातीतल्या लग्नाचं गाणं ते, माझा काय संबंध, असं मी धरून चाललो होतो.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत पोलंडचे चौघे आले. मुंबईत त्यांचा एक कार्यक्रम झाला होता, आणि पुढे इथेच एक रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. पण ज्याने मोठा स्टुडिओ सांगून ठेवला होता तो ऐन वेळी फोन उचलेना. गिरगावातल्या एका जुन्या मित्राने त्यांना माझा पत्ता दिला. सोमवारी सकाळी टेम्पोतून ड्रम, बास गिटार, सॅक्सोफोन आणि एक लांबलचक कीबोर्ड उतरला. शनिवारी रात्रीचं त्यांचं विमान होतं. म्हणजे हातात पाच दिवस.

त्यांचा म्होरक्या वितोल्ड. पन्नाशीचा, उंच, वाकलेला, दाढी पिवळट पांढरी. कीबोर्ड तोच वाजवायचा. त्या कीबोर्डच्या डाव्या कडेला एक छोटं चाक होतं. ते अंगठ्याने पुढे सरकवलं की दाबलेला सूर हळूच वर घसरायचा, सोडलं की जागेवर यायचा. सॅक्सोफोनवाला यात्सेक त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जॅझ, रॉक आणि त्यांच्या डोंगरातली गाणी एकत्र ढवळून ते वाजवायचे. मला त्यातलं पाव कळायचं, पण आवाज स्वच्छ घेतला की माझं काम झालं.

मंगळवारी चहाच्या वेळी वितोल्ड सिगरेट ओढायला मागच्या जिन्यावर गेला तो परत येईना. वीस मिनिटांनी आला, मला हाताला धरून जिन्यावर नेलं आणि तोंडावर बोट ठेवलं. खाली बयाबाईंच्या अंगणात शेजारच्या घरच्या लग्नाची हळद दळायचं चाललं होतं. चार बाया जात्याभोवती, आणि बयाबाई भिंतीला पाठ टेकून धवळा म्हणत होत्या.

मी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. आवाज खणखणीत होता, त्याबद्दल प्रश्न नाही. पण पेटीवरच्या पांढरी चार पट्टीला धरलेला सूर दर दोन-चार ओळींनी केसभर वर सरकत होता. बाया तो जिथे असेल तिथून उचलत होत्या आणि आणखी थोडा वर टाकत होत्या. पंधरा मिनिटांत सगळं गाणं तीन पट्ट्या वर, काळी चारच्या घरात जाऊन बसलं. तालाचं तर बोलायलाच नको. श्वास पुरेल तेवढी ओळ.

"आम्हाला रेकॉर्डमध्ये या बाई हव्यात," वितोल्ड म्हणाला.

मी त्याला माझ्या इंग्रजीत समजावलं, की या काही शिकलेल्या गायिका नाहीत, सूर सुटतो त्यांचा. पण काळजी नको, शुक्रवारपर्यंत मी त्यांना तयार करतो.

"सूर सुटत नाही," तो म्हणाला. "त्या कुठेतरी चालल्या आहेत."

बिचाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे, असं मला वाटलं.

संध्याकाळी पंढरीशेठना घेऊन मी बयाबाईंसमोर विषय काढला. त्यांची नात जागृती तिथेच अभ्यासाची वही मांडीवर घेऊन बसली होती. ती नेरूळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि आजीच्या गाण्याचा विषय निघाला की वहीत तोंड खुपसायची.

"गोऱ्यांना धवला कनाला पायजे?" बयाबाईंनी विचारलं.

"त्यांना आवडला, बयाबाई. परदेशात जाईल तुमचा आवाज."

"परदेशान कोनाचा लगीन हाय?" त्या म्हणाल्या, आणि पंढरीशेठ हसले. त्या हसल्या नाहीत. लग्नाशिवाय धवळा म्हणायचा नाही आणि ऐकायचाही नाही, ही त्यांची रीत होती. उगाच देवाला हाक मारून बोलवायचं आणि आला की बसायला पाट नाही, हे त्यांना चालणारं नव्हतं. थोडा वेळ त्या गळ्यावरची गाठ चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, एक काम करशीव? मी गातां. पन मना पुरा धवला कॅसेटीन भरून द्या. हिचे लग्नासाठी."

मग सगळं बाहेर आलं. वाशीच्या डॉक्टरांनी गाठ पाहिली होती. साधी आहे, काढलीच पाहिजे असं नाही, काढायची तर आवाजाला धोका आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. पंढरीशेठ म्हणत होते, काढून टाक. बयाबाई म्हणत होत्या, जागृतीचं लग्न होऊ दे, मग गळा राहिला काय नि गेला काय. गावात दुसरी धवळारीण उरली नव्हती. मागे बसणाऱ्या बायांना उत्तरं यायची, मुख्य गाणं एकीलाही येत नव्हतं.

"उद्या माजा काय झाला, तर नातीचे मांडवान देव कोन आनील?" त्यांनी विचारलं. "भरून द्याल ना?"

"देईन," मी म्हणालो. "शब्द देतो."

बुधवारी आणि गुरुवारी दुपारी मी बयाबाईंना रिक्षाने आमच्या घरी आणलं. माझी बायको नंदिनी सेक्टरमधल्या मुलांना गाणं शिकवते, तिची पेटी होती. बयाबाई सोफ्याच्या कडेला, पाय वर न घेता, पाहुण्या आल्यासारख्या बसल्या. शब्द म्हणायला त्या तयार नव्हत्या, कारण आमच्या घरी लग्न नव्हतं. मी म्हटलं, नुसता सूर लावा. पेटीने पांढरी चार धरली. त्यांनी सूर लावला, आणि तिसऱ्या श्वासाला तो वर सरकला.

"थांबा. सुटला."

"काय सुटला?"

"सूर. ही पेटी आहे ना, ती जिथे आहे तिथेच राहायचं. वर जायचं नाही."

"सुटतो का माजा?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नात राग नव्हता, नवल होतं. पन्नास वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"सुटतो," मी म्हणालो.

त्यांचा हात गाठीवर गेला. "हिचेमुलं आसल."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. गाठीचा आणि याचा काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या मागच्या बायांना कुठे गाठी होत्या? पण शिकवणं सोपं जाईल, बाईंना वाईटही वाटणार नाही, असा हिशेब मी केला आणि म्हणालो, "असेल."

नंदिनी पेटीचा भाता धरून बसली होती. बयाबाई गेल्यावर ती म्हणाली, "अहो, कशाला करताय हे? किती छान लागतोय त्यांचा आवाज. मुलांना शिकवताना मी सूर धरायला लावते ते वेगळं. हे तसलं गाणंच नाही."

"तुला रेकॉर्डिंगमधलं काय कळतं?" मी म्हणालो. तिने पेटीचं झाकण लावलं आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. गुरुवारी तिने पेटी काढून दिली, पण स्वतः बसली नाही.

गुरुवारी संध्याकाळी स्टुडिओत चहा पिताना वितोल्डने मला त्याच्या पहिल्या परदेशी रेकॉर्डची गोष्ट सांगितली. त्यांच्या देशात तेव्हा रेकॉर्ड काढायची तर सरकारी कंपनीत नंबर लावून बसावं लागे. अठ्ठ्याहत्तर साली त्यांना पश्चिम जर्मनीतून बोलावणं आलं. घरात सण असल्यासारखा आनंद झाला, आईने कोट शिवून दिला. तिथला ध्वनिमुद्रक फार हुशार आणि फार सभ्य होता. त्याने यांच्या कानात ठोक्याचं यंत्र लावलं, यात्सेकचा कातरता सूर सरळ करून घेतला, लांबलेल्या जागा कापल्या.

"फार स्वच्छ रेकॉर्ड झाली," वितोल्ड म्हणाला. "लोकांनी कौतुक केलं. माझ्या घरात ती नाही."

मी मान डोलावली आणि बिस्किटं पुढे केली. त्याने ही गोष्ट मला उगाच सांगितली नव्हती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

शुक्रवार उजाडला. खालचं प्रेस बंद, सगळा पट्टा शांत. बयाबाई नवं लुगडं नेसून आल्या. सोबत जात्यावरच्या त्या चार बायाही आल्या होत्या, पण मी त्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं, कारण त्यांचे आवाज माइकमध्ये मिसळले असते. बयाबाईंनी एकदा काचेतून त्यांच्याकडे बघितलं. मग कनवटीची पुडी सोडून माइकला हळद लावली, कुंकू लावलं, पुढे तांदळाची चिमूट ठेवली.

"नवऱ्याबिगर धवला नाय," त्या म्हणाल्या. "आज ह्योच नवरा."

काचेपलीकडे चौघे पाहुणे हसले आणि लगेच गंभीर झाले. मी बयाबाईंच्या कानांवर हेडफोन चढवले. एका कानात पेटी, दुसऱ्या कानात ठोका. त्यांनी डोळे मिटले आणि धवळा म्हटला.

अचूक म्हटला. मी तीन टेक घेतले, तिन्ही अचूक. सूर मोजायच्या यंत्राची सुई हलली नाही, ठोका चुकला नाही. तिसरा टेक संपला तेव्हा मी खुशीत वळून बघितलं. यात्सेक जमिनीकडे बघत होता. वितोल्डने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "फारच बरोबर आहे. आता त्यांना सांगा, हे सगळं काढून अंगणात म्हणतात तसं म्हणा. बायांना आत घ्या."

मला ते अजिबात आवडलं नाही. पण पाहुणा म्हणतो म्हणून बायांना आत घेतलं, बयाबाईंचे हेडफोन काढले. त्यांनी सुरुवात केली. दोन ओळी झाल्या, बायांनी ओळ उचलली, सूर किंचित वर गेला, आणि बयाबाई थांबल्या.

"मास्तर, सुटला का?"

"असू दे, म्हणा."

पुन्हा दोन ओळी. पुन्हा थांबल्या, हात गाठीवर. पाचव्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर्गात उत्तर न आलेलं पोर बघतं तसं. "मास्तर, आता तो जुना येत नाय," त्या म्हणाल्या. "सारखा वाटतंय, सुटल."

वितोल्ड आत गेला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यांना पाण्याचा पेला दिला. मग त्याने कीबोर्ड बंद केला. त्या दिवशी त्यांनी आणखी काही वाजवलं नाही. बयाबाई जाताना मला म्हणाल्या, "गोऱ्याला नाय आवरला?"

"आवडला हो. त्यांची गडबड आहे उद्याची."

शनिवारी ते गेले. जाताना वितोल्डने हात मिळवला, आभार मानले, रेकॉर्डिंगबद्दल एक शब्द बोलला नाही.

मी माझा शब्द पाळला. बयाबाईंचा तिसरा टेक घेतला, त्याला मागे तानपुरा दिला, मंदिरात गातायत असं वाटावं म्हणून थोडा घुमारा दिला, अधूनमधून घंटा. कव्हरवर त्यांचा फोटो छापला. कॅसेट हातात दिली तेव्हा त्यांनी ती कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. ऐकली नाही. लग्नाशिवाय धवळा ऐकायचा नाही. मलाही ते बरंच वाटलं.

एप्रिलमध्ये पंढरीशेठनी सांगितलं, आईने गाठीचं ऑपरेशन करून घेतलं. आपणहून तयार झाली म्हणे. मला जरा नवल वाटलं, पण मी काही विचारलं नाही. भेटायला गेलो तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि आवाजाच्या जागी नुसती फुसफूस उरली होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो आला नाही.

पुढच्या वर्षी पोलंडहून पार्सल आलं. आत एक सीडी. सहावा तुकडा अकरा मिनिटांचा, आणि त्याचं नाव रोमन अक्षरांत छापलेलं, 'बयाबाई'. मी घाबरतच लावला. त्यात बयाबाईंचा आवाज नव्हता. वितोल्डचा कीबोर्ड होता. एकच सूर, पांढरी चार. ओळ श्वास पुरेल तेवढी लांब, मग थांबायचं. मग यात्सेकचा सॅक्सोफोन आणि बास मिळून ती ओळ उचलत, जात्यावरच्या बायांसारखी. आणि दर दोन-चार ओळींनी डाव्या अंगठ्याखालचं ते चाक केसभर पुढे. मंगळवारी जिन्यावर वीस मिनिटं ऐकलेलं त्या माणसाने जसंच्या तसं डोक्यात साठवून सात समुद्रांपलीकडे नेलं होतं.

नंदिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. "त्यांना नेऊन ऐकवा," ती म्हणाली.

"लग्नाशिवाय ऐकत नाहीत त्या," मी म्हणालो. सबब तयारच होती. खरं कारण वेगळं होतं. ते ऐकवलं असतं तर माझी कॅसेट काय आहे ते त्यांना कळलं असतं. मी वॉकमनवर ऐकायला म्हणून त्या सीडीची एक साधी कॅसेट भरून घेतली आणि तीही कधी लावली नाही.

सत्याण्णवच्या मे महिन्यात जागृतीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा करावे गावचा, बँकेत नोकरीला. हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. मागच्या मातीच्या अंगणात मांडव, पाटावर जागृती, भोवती बाया. आता तिने वहीत तोंड खुपसलं नव्हतं. ती आजीचा हात धरून बसली होती. पंढरीशेठनी मोठा डेक आणून ठेवला होता. बयाबाईंनी देव्हाऱ्यातली कॅसेट आणवली, तिला हळदीकुंकू लावलं आणि मला खुणेनं म्हणाल्या, तुमीच लावा.

मी बटण दाबलं. आधी तानपुरा, मग घंटा, मग बयाबाईंचा आवाज. दोन वर्षांनी तो आवाज ऐकून बायांनी पदर डोळ्यांना लावला. पहिली ओळ झाली, त्या चौघींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तोवर दुसरी ओळ सुरू झाली होती. ठोक्याला बांधलेलं गाणं कुणासाठी थांबत नव्हतं. त्यांनी मध्ये शिरायचा प्रयत्न केला. एक पुढे गेली, एक मागे राहिली, तिसरीने हळूहळू वर न्यायला घेतलं तर गाणं खालीच. एकेक करून सगळ्या गप्प झाल्या. मांडवात एकटी कॅसेट गात राहिली.

मी बयाबाईंकडे बघत होतो. त्या पहिल्यांदाच ते ऐकत होत्या. लक्ष देऊन, मान तिरपी करून, कुणी अनोळखी बाई गातेय असं. मग त्यांनी हात वर केला आणि पंढरीशेठनी बटण दाबलं.

"मास्तर," त्या फुसफुसल्या, "ह्यान बायांना जागा नाय."

नवरीला हळद लागायची होती, वाटीत कालवलेली हळद वाळत होती, आणि धवळा नव्हता. बाया एकमेकींकडे बघत होत्या. नंदिनीने माझ्या पाठीत बोट खुपसलं. "घरी जा आणि वितोल्डची ती कॅसेट घेऊन या. आत्ता."

मी रिक्षाने गेलो आणि आलो. पंचवीस मिनिटं सगळा मांडव थांबला होता. वितोल्डची कॅसेट मी डेकमध्ये घातली आणि बटण दाबलं.

कीबोर्डने पहिली ओळ धरली. पोरीबाळी हसल्या, हे काय म्हणून. दुसऱ्या ओळीला बयाबाईंनी डोळे मोठे केले. त्या पुढे सरकल्या, स्पीकरला हात लावला, जागृतीकडे वळल्या.

"ही मी हाय," त्या म्हणाल्या.

मग त्या ओळीचे शब्द जागृतीच्या कानात सांगू लागल्या. जागृतीला सूर यायचा नाही, तिने नुसते मोठ्याने म्हटले. कीबोर्ड थांबला. तिथे जागा होती. बायांनी ओळ उचलली आणि थोडी वर टाकली. आणि पुढच्या ओळीला तो परदेशी माणूस, कधी काळी केलेल्या त्या रेकॉर्डवर, बरोबर तिथेच वर येऊन उभा होता. ओळीमागून ओळ, देवामागून देव. जागृती नावं म्हणत होती, बाया चढवत होत्या, बयाबाईंचं बोट हवेत हळूहळू वर जात होतं. काळी चारच्या पुढे गेल्यावर त्या माझ्याकडे बघून फुसफुसल्या, "देव मांडवान आला का गला आपसूक वर जातंय, मास्तर. ल्हान पोरीला बी म्हाईत हाय."

मला माहीत नव्हतं. मला कान होता.

लग्न झाल्यावर चार दिवसांनी बयाबाई स्वतः जिना चढून स्टुडिओत आल्या. हातात माझी कॅसेट, रुमालात नीट गुंडाळलेली. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"एक विचारू का, मास्तर? तवा माजा सूर गाठीमुलं सुटत व्हता ना?"

मी हातातली वायर गुंडाळू लागलो.

"तुमी बोललाव, आसल. म्हनून मी गाठ काढाया झोपली. बोलली, गाठ गेली म्हंजे सूर जागेवर येल. मग हिचे लग्नान मीच गाईन. कॅसेटीची गरज नाय परनार."

खालचं प्रेस धप्पकन आदळलं. पुन्हा आदळलं. मला वाटलं, खोटं बोलावं. दोन वर्षांपूर्वी एका शब्दाने भागलं होतं, आताही भागलं असतं.

"नव्हता सुटत, बयाबाई," मी म्हणालो. "कधीच सुटत नव्हता. माझं चुकलं."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण शिव्या द्यायलाही गळा लागतो. शेवटी त्यांनी रुमाल सोडला आणि कॅसेट टेबलावर ठेवली.

"ही तुमची. हीन मी नाय," त्या म्हणाल्या. "पन कॅसेट बरी हाय. पुसून घ्या, कोनाला दुसरा कायतरी भरून द्या."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत त्या खाली गेल्या.

मी ती अजून पुसलेली नाही. कधीतरी शुक्रवारी, खालचा कारखाना बंद असला की, एकटा बसून लावतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सूर कुठेही सुटत नाही.